न्हाणीच्या दाराबाहेर

रविवारच्या उपासनेत पाद्रीबाबांनी लोसेलीचं नाव घेतलं आणि तिला वाटलं, ह्या घटकेला धरणी दुभंगली तर फार बरं होईल.

“भावाबहिणीची मर्यादा म्हणजे काय, ते ह्या म्हातारीकडून शिका,” पाद्रीबाबा म्हणाले. “भाऊ न्हाणीत पडला. आत शिरणं सोपं होतं. पण ही आत गेली नाही, मुलाला बोलवायला धावत सुटली. देवाने भावाचा जीव राखला आणि बहिणीने त्याची लाज राखली.”

सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. शेजारच्या बाईने तिचा गुडघा दाबला. लोसेली मान खाली घालून चर्चला येताना कमरेला बांधायच्या चटईच्या दशा कुरतडत बसली. लोकांना तो विनय वाटला. कसला विनय आणि कसलं काय. खाई त्याला खवखवे.

कारण ती धावत सुटली नव्हती. फेलेती पडल्याचा आवाज आला तेव्हापासून तिने आपल्या मुलाला, सेमिसीला, गाठेपर्यंत चांगला तास गेला होता. हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती. दुसरा फेलेती, आणि त्याला सकाळी काय खाल्लं तेही दुपारी आठवत नसे.

दक्षिण समुद्रातल्या आमच्या वावाउच्या बेटांवर बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. मान मोठा, म्हणून अंतरही मोठं. पोरगा दहा वर्षांचा झाला की त्याची चटई उचलून पोरांच्या झोपडीत टाकतात. मग बहीण बसली असेल त्या खोलीत तो बसत नाही, तिच्यादेखत वावगं बोलत नाही, ती आली की गुपचूप उठतो. शेतातलं पहिलं कोनफळ मात्र तिचं, डुकराचा चांगला वाटा तिचा. लोसेली फेलेतीहून चार वर्षांनी मोठी. तो रांगत होता तेव्हा तिनेच त्याला कडेवर नेऊन समुद्रात बुचकळून काढलं होतं. मग तो दहाचा झाला, आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं दोघं एकमेकांशी बोलली ती अंगणाच्या दोन टोकांवरून.

दोघांची घरं एकाच आवारात. तिचा नवरा गेला, नंतर त्याची बायको गेली. त्याची एकुलती एक मुलगी सिसिलिया ऑकलंडला. त्यामुळे फेलेतीला जेवायला घालणं आपसूकच लोसेलीकडे आलं. ती ताट त्याच्या उंबऱ्यावर ठेवायची, खोकायची आणि परत फिरायची.

त्याचं विसरणं आधी साधंच होतं. होडीच्या इंजिनात पाणी ओतलं, मेलेल्या बायकोचं ताट वाढून तिची वाट बघत बसला. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, बायकोच लागलीय त्याला. मग पाला चोळून झाला, डोळ्यांत रस पिळून झाला, डोळे तेवढे लाल झाले. शेवटी मोठ्या बेटावरच्या डॉक्टरने सांगितलं, भूतबीत काही नाही, मेंदू झिजतोय, आणि ह्यावर औषध नाही. सांभाळा, एवढंच तो म्हणाला. कसं सांभाळायचं ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं लोसेलीला सुचलं नाही.

आणि एके दिवशी फेलेती मर्यादाच विसरला. दुपारी बाया केतकीची पानं घेऊन चटया विणत बसल्या होत्या. हा सरळ आत आला आणि लोसेलीच्या मांडीला मांडी लावून बसला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. एक बाई तर उठून चालतीच झाली.

“लोसी,” तो म्हणाला, “केवढं तेल थापलंयस डोक्याला. माश्या बसतील.”

लोसी म्हणून त्याने तिला लहानपणानंतर कधी हाक मारली नव्हती.

तिने त्याला हाकललं. चारचौघांत दुसरं काय करणार. पण दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना तो पुन्हा आला, तेव्हा तिने आधी रस्त्यावर नजर टाकली, मग त्याच्या हातात पानांची जुडी दिली आणि म्हणाली, “बसलाच आहेस तर ही सरळ कर.” मग तो रोज यायला लागला. पानं सरळ करता करता बोलायचा. पंधराव्या वर्षी पाद्र्याची कोंबडी चोरून भाजून खाल्ली आणि आळ कुत्र्यावर गेला, ही गोष्ट त्याने तिला दहा वेळा सांगितली आणि दहाही वेळा ती पोट धरून हसली. रस्त्यावर कुणाची चाहूल लागली की ती म्हणायची, “ऊठ आता, कोंबड्या बघून ये.” तो उठून जायचा.

खरं सांगायचं तर लोसेलीला त्या आजाराचं सुख लागलं होतं. भावाचं डोकं जात होतं आणि तिला भाऊ मिळत होता. असलं सुख मिरवायचं तरी कुठे? ती रात्री प्रार्थनेत क्षमा मागायची आणि दुपारी पुन्हा त्याची वाट बघायची.

आमच्याकडे थंडी जुलैत. त्या थंडीत तो पडला. न्हाणी म्हणजे परसातली पत्र्याची खोली, खाली सिमेंट, दाराला ताडपत्रीचा पडदा. रोज सेमिसी जवळ उभा राहायचा. त्या दिवशी सेमिसी शेतावर होता आणि फेलेती आपला आपण अंघोळीला गेला. धप्प आवाज झाला तशी लोसेली चुलीपासून उठून आली. पडदा अर्धा निसटून लोंबत होता. तिला एक उघडा पाय दिसला, गुडघ्यापर्यंत, आणि ती गर्रकन पाठ करून उभी राहिली.

“लोसी, ये ना,” आतून आवाज आला. “उठता येत नाही मला.”

“अंगावर काही आहे का तुझ्या?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“पंचा हाताला लागतो का बघ.”

तो थोडा वेळ चाचपत राहिला. पाण्याचा डबा कलंडला. “थंडी वाजतेय गं.”

“थांब. उठशील जरा वेळाने. सेमिसी येईलच.”

सेमिसी दुपारपर्यंत येणार नव्हता. तिला ते पक्कं माहीत होतं. तरी ती तिथेच उभी राहिली. आणि आणखी एक केलं तिने. हात मागे नेऊन, न बघता, तो लोंबणारा पडदा वर ओढला आणि एका हाताने धरून ठेवला. आत तिचा भाऊ ओल्या सिमेंटवर पडलेला, आणि ही बाहेर पडदा धरून उभी. तो हाका मारत होता. मग हाका थांबल्या आणि दात वाजल्याचा आवाज यायला लागला. मग तोही थांबला. तेव्हा कुठे ती निघाली. निघाली तीही चालत, कारण म्हातारी बाई धावताना दिसली की लोक विचारतात, काय झालं.

खुब्याचं हाड चिरलं होतं. मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात बारा दिवस काढून तो परत आला आणि अंथरुणाला खिळला. सकाळ-संध्याकाळ सेमिसी त्याला पुसायचा, कपडे बदलायचा. गावाने विचारलं, कसं झालं? लोसेली म्हणाली, “आवाज ऐकला तशी धावले.” तेवढं एक वाक्य. ते गावभर फिरून फुगून रविवारी तिच्याच समोर येऊन उभं राहिलं.

गप्पा मारताना मर्यादा आड आली नाही, ती स्वतःशी म्हणायची. हसायला भाऊ चालला. तो कुडकुडत होता तेव्हा बरी तुला मर्यादा आठवली. हे ती भाजी चिरताना म्हणायची, पानं सोलताना म्हणायची, आणि म्हणून काही हलकं होत नव्हतं.

एवढ्यात सेमिसीच्या नावाचा कामाचा कागद आला. ऑस्ट्रेलियात फळबागेवर सात महिन्यांचं काम, गुरुवारी विमान. बायको गेल्या हंगामापासून तिकडेच होती, तो वर्षभर ह्या कागदाची वाट बघत होता.

“मामा, आता तुझं ढुंगण ऑस्ट्रेलियातून कसं धुऊ मी, सांग बरं,” तो आत फेलेतीला म्हणत होता. भाच्याला मामाची असली थट्टा आमच्यात चालते. लोसेली ओसरीवरून मोठ्याने खोकली.

“आई बाहेर आहे वाटतं,” सेमिसी म्हणाला. बाहेर आल्यावर तो तिच्या शेजारी बसला. “आई, मी नाही जात.”

“बायकोला काय सांगशील?”

“मग मामाचं कोण करणार?”

“मायकोलो करतो म्हणालाय. चर्चच्या पायरीवर शब्द दिलाय त्याने मला. रोज सकाळी येईन म्हणाला.”

“मायकोलो?” सेमिसी म्हणाला. मायकोलो चर्चचा कारभारी. मनाने चांगला, पण त्याच्या शब्दाला वारा लागायचा, आज दिला तो उद्या उडाला.

रात्री सिसिलियाचा फोन आला. ती ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला होती.

“आत्या, मी इथे रोज सकाळी सात जणांना अंघोळ घालते,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “परक्या सात जणांना. त्यांची पोरं रविवारी फुलं घेऊन येतात. आणि माझ्या बापाला तिथे…”

“तू काम सोडून येऊ नकोस. इथे सगळं व्यवस्थित आहे.”

“आत्या, रागावू नका, पण तुम्हीच जर…” एवढं बोलून ती थांबली. आत्याला शिकवायचा अधिकार आमच्यात भाचीला नाही. लोसेलीला पुढचं वाक्य न बोलताही ऐकू आलं. तिने ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि थंडी किती पडलीय ते सांगितलं.

मंगळवारी पौलीना नर्स होडीने आली. पस्तिशीची, जाडजूड, तोंडाने फटकळ. आत जाऊन तिने फेलेतीला उलथापालथा करून बघितलं आणि हात पुसत ओसरीवर आली.

“आजी, हे किती वेळ पडून होते खाली?”

“मी लगेच धावले.”

“ते पाद्रीबाबांना सांगा. त्यांच्या पाठीवर केवढी जखम झालीय. ओल्या सिमेंटवर बराच वेळ पडल्याशिवाय असली जखम होत नाही. तुम्ही बघितली नसेल म्हणा.”

“मी कशी बघणार?”

“हो, तेही खरंच.”

पौलीनाने पिशवीतून वही काढली आणि नुसतीच मांडीवर धरून बसली. लोसेली समोरच्या डुकरांकडे बघत राहिली. मग एकदम बोलायला लागली. पाय दिसला तिथपासून पडदा धरला तिथपर्यंत सगळं. आवाज चढला नाही, रडू आलं नाही.

“‘ये ना’ म्हणत होता,” ती शेवटी म्हणाली. “मी तिथेच होते. हाताच्या अंतरावर. पोरी, मी गावाला फसवलं आणि गाव माझ्या पाया पडतंय.”

पौलीनाने वही बंद केली. “मी तुम्हाला माफ करायला आले नाही, ते माझं काम नव्हे. आणि मी तरी आत गेले असते का, देव जाणे. मलाही भाऊ आहे. मला एवढंच सांगा, सेमिसी गेल्यावर त्यांना कोण पुसणार?”

“मायकोलो.”

“आणि तो नाही आला तर?”

लोसेली पुन्हा डुकरांकडे बघायला लागली.

“मग ऐका. बादली, दोन पंचे, आणि वरून मोठी चादर. चादरीखाली हात घालायचा आणि नजर भिंतीवर ठेवायची. बघावं लागत नाही आजी, हाताला कळतं. एका कुशीवर घ्यायचं, पुसायचं, दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. ओलं ठेवलं तर ती जखम सडेल, आणि मग मी पुढच्या खेपेला औषध घेऊन नाही, पाद्रीबाबांना घेऊन येईन.” ती उठली, चपला घालता घालता म्हणाली, “चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही बसतो. अशी माणसं सांभाळणाऱ्या पाच बाया आहेत. रडतात, हसतात, एकमेकींना शिकवतात. आज तुम्ही या.”

“येऊन काय बोलू? माझं तर व्यासपीठावरून नाव घेतलंय.”

“म्हणून तर या,” पौलीना म्हणाली.

त्या संध्याकाळी लोसेली गेली नाही.

गुरुवारी सेमिसी गेला. जाताना मामाच्या कपाळाला कपाळ लावून रडला आणि आईला म्हणाला, “मायकोलोच्या मागे लाग, तो आपणहून यायचा नाही.” शुक्रवारी मायकोलो आला. शनिवारी आला, घाईघाईने पुसलं, अळूच्या पानांतलं मटण खाल्लं आणि गेला. रविवारी उपासनेआधी आला. सोमवारी आलाच नाही.

शेजारच्या गावात कुणीतरी वारलं होतं. तीन डुकरं कापायची, भट्टी लावायची, कारभाऱ्याशिवाय कसं व्हायचं. लोसेलीने निरोप धाडला. दुपारनंतर बघतो, असं उत्तर आलं.

फेलेती पहाटेपासून ओला होता. ओसरीपर्यंत वास येत होता. आधी तो सेमिसीला हाका मारत होता, मग बायकोला, मग कुणालाच नाही, नुसता कण्हत होता. लोसेली पाणी तापवून बादली घेऊन दाराशी आली. चादर खांद्यावर, पंचे काखेत. आणि दाराशी आल्यावर तिचे पाय पुन्हा तसेच रुतले. आतून कण्हणं येत होतं. ह्या वेळी दाराला पडदाही नव्हता की धरून उभं राहावं. लोक काय म्हणतील, हे मनात आलंच. मग तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती आत शिरली.

नजर भिंतीवर ठेवून तिने त्याच्यावर चादर पसरली आणि खालचं ओलं ओढून काढलं. पंचा बुडवला, पिळला, चादरीखाली हात घातला.

“लोसेली?”

लोसी नव्हे, लोसेली. तिने त्याच्याकडे बघितलं. फेलेतीचे डोळे स्वच्छ होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतके. त्याने तिला ओळखलं होतं, आणि ती त्याची कोण लागते तेही त्याला आठवलं होतं.

“तू आत कशी आलीस?” तो म्हणाला. “बाहेर जा. अंगावर काही नाही माझ्या. लोसेली, बाहेर जा गं.” त्याने चादर ओढून तोंडावर घेतली, तसे पाय उघडे पडले. ते झाकायला गेला तर तोंड उघडं पडलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

केतकीच्या पानांत बसून कोंबडीची गोष्ट सांगताना ज्याला काही आठवलं नाही, त्याला नेमकं आता आठवावं. लोसेलीच्या हातातला पंचा गार होत चालला. बाहेर गेली असती तर तो दुपारपर्यंत तसाच राहिला असता.

“लोसेली कुठली?” ती म्हणाली. आवाज तिने जरा जाड केला. “मी दवाखान्यातली नर्स. पौलीना.”

चादरीतून एक डोळा बाहेर आला.

“नर्स?”

“हो. मंगळवारी नव्हते का आले?”

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याची मूठ सुटली. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. “मला वाटलं, बहीण.”

तिने पुसायला सुरुवात केली. मान, काखा, पोट. हाताला कळत होतं. तो केवढा हडकला होता, ते तिला इतक्या दिवसांत आज कळलं. फेलेती छताकडे बघत पडला होता, शांत.

“बहीण बाहेर आहे ना?” त्याने विचारलं.

“आहे.”

“ती आत नाही यायची. न्हाणीत पडलो होतो ना मी, तेव्हाही बाहेरच होती. पडद्याखालून पाय दिसत होते तिचे.”

लोसेलीचा हात थांबला. हे सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलंय, ह्या एका आधारावर तिने इतके दिवस काढले होते.

तिला त्याची माफी मागायची होती. पण मागणार कोण? बहीण तर बाहेर होती.

“तुम्हाला राग नाही आला तिचा?” तिने नर्सच्या आवाजात विचारलं.

फेलेतीने विचार केला. शब्द शोधायला आता त्याला वेळ लागायचा. “राग कसला?” तो म्हणाला. “रीतच आहे ती आपली.” विषय संपला असं तिला वाटलं, तेवढ्यात तो म्हणाला, “पण मला वाटलं होतं, ती येईल.”

लोसेलीने पंचा बादलीत बुडवला. पिळायचा विसरून तसाच धरून बसली.

“तिला सांगू नका हं,” फेलेती म्हणाला. “वाईट वाटेल तिला.”

“नाही सांगत,” ती म्हणाली, आणि पाठ पुसायला त्याला कुशीवर घेतलं.